विश्लेषण : एम.ए. राज्यशास्त्र करून काय करणार? जिवतीच्या १४ गावांत जाऊन बघा

पोरगा किंवा पोरगी बी.ए. झाली की घरात पुढची चर्चा सुरू होते. एम.ए. कशात करायचं? राज्यशास्त्र म्हटलं की पारावरचं कुणीतरी हसतं, "काय, आमदार व्हायचं का आता?" बापाचा प्रश्न मात्र हसण्यावारी न्यायचा नसतो. कापसाचे पैसे आणखी दोन वर्षं घालायचे, मग हातात काय येणार?

त्याचं उत्तर आधीच सरळ सांगितलेलं बरं. नोकरीच्या हिशेबाने ही पदवी फार देत नाही. प्राध्यापक व्हायला नेट किंवा सेट लागते, ती पास होऊनही तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवणारे प्रत्येक तालुक्याला माहीत आहेत. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा आता लेखी पद्धतीची झाली, त्यात राज्यशास्त्र वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो, तेवढा एक उपयोग वाढला. फक्त नोकरीच हवी असेल तर दुसरा रस्ता धरलेला चांगला.

पण याच अभ्यासक्रमात एक भाग असा आहे की जो गावाच्या थेट कामाचा आहे, आणि तोच सगळ्यात उरकून टाकला जातो. तुलनात्मक राजकारण. म्हणजे दोन राज्यं, दोन प्रदेश शेजारी ठेवायचे आणि बघायचं की काम एका ठिकाणी का होतं, दुसरीकडे का अडतं. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा इग्नूमधून घरी राहून एम.ए. करता येतं. इग्नूमध्ये तर राज्यांच्या राजकारणावर वेगळा पेपरच घेता येतो.

तशी तुलना गावात रोजच चालते. "तेलंगणात बघा, एकरी पैसे देतात." नांदेड जिल्ह्यात धर्माबाद तालुक्यातल्या गावांनी तर आम्हाला तेलंगणात टाका म्हणून मागणी केली होती, ती याच तुलनेतून. पण ती तुलना अर्धी असते. पूर्ण केली तर काय दिसतं ते बघू.

तेलंगणात रयतू बंधू योजना २०१८ ला सुरू झाली. आधी एका हंगामाला एकरी ४,००० रुपये, मग ५,०००. सरकार बदलल्यावर नाव रयतू भरोसा झालं आणि २०२५ पासून वर्षाला एकरी १२,००० ठरले. महाराष्ट्रात केंद्राचे ६,००० आणि नमो शेतकरी योजनेचे ६,००० मिळून वर्षाला १२,०००, पण ते कुटुंबाला, एकरावर नाही. केंद्राचे ६,००० तिकडेही आहेतच. म्हणजे पाच एकरवाल्याला तिकडे कागदावर ६६,००० होतात, इकडे १२,०००. इथपर्यंत पारावरचा माणूस बरोबर बोलतो.

आता पुढचं. एकरावर पैसे म्हणजे ज्याची जमीन जास्त त्याला जास्त. दुसऱ्याची जमीन ठोक्याने करणाऱ्याला रयतू बंधूत काहीच मिळालं नाही. २०२४ च्या खरिपात तर हे पैसे आलेच नाहीत. आणि पीक विमा? तेलंगणाने २०२० मध्ये प्रधानमंत्री पीक विमा योजना सोडली. महाराष्ट्रात ती चालू राहिली, मध्ये दोन वर्षं एक रुपयात होती. विम्याच्या कंपन्यांबद्दल इकडे किती तक्रारी आहेत ते सांगायला नको, पण गारपीट झाल्यावर तक्रार करायला तरी इकडे जागा होती. तिकडचा रयतू बीमा म्हणजे शेतकरी मेल्यावर घरच्यांना ५ लाख. तो पिकाचा विमा नाही. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मेसेजमध्ये हे दोन्ही एकच करून टाकलेलं असतं.

पाच वर्षांचा हिशेब, सगळ्या योजना, सगळ्या थरातले शेतकरी, असं एकत्र मांडणं हाच तुलनेचा अभ्यास.

या विषयात एक परदेशी उदाहरण हमखास शिकवतात, ते आपल्याकडच्या माणसाला लगेच समजेल. इटलीत १९७० मध्ये प्रांतिक सरकारं नव्याने सुरू झाली. कायदा जवळपास सारखाच. अमेरिकेचे अभ्यासक रॉबर्ट पुटनम आणि त्यांच्या साथीदारांनी वीस वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं आणि १९९३ ला पुस्तक काढलं. त्यातली एक परीक्षा साधी होती. त्यांनी प्रत्येक प्रांताच्या कार्यालयाला सामान्य नागरिक म्हणून तीन चौकश्या पाठवल्या. एक दवाखान्याच्या बिलाची, एक शाळा संपवणाऱ्या भावासाठी कामाच्या प्रशिक्षणाची, आणि एक शेतकरी मित्राला नवीन पिकासाठी कर्ज-अनुदान मिळेल का याची. मग उत्तर यायला किती दिवस लागतात ते मोजलं.

एमिलिया-रोमान्यासारख्या उत्तरेकडच्या प्रांतात तीनपैकी दोन पत्रांना आठवड्यात नीट उत्तर आलं, तिसऱ्याला एक फोन पुरला. दक्षिणेत कालाब्रियात पत्राला उत्तरच नाही. फोनवर फोन, कित्येक आठवडे, शेवटी स्वतः जाऊन उभं राहायचं. कायदा तोच, खाती तीच.

पुटनम यांनी कारण दिलं की उत्तरेत लोक संस्थांमध्ये एकत्र येतात, सहकारी संस्था आहेत, गायनाची मंडळं आहेत, खेळाचे क्लब आहेत, म्हणून सरकारवर धाक राहतो. हे कारण सगळ्यांना पटलेलं नाही. आपल्याकडेच बघा, महाराष्ट्रात सहकारी संस्थांची कमी आहे का? तरी तहसीलच्या पायऱ्या झिजतातच. पण मोजायची रीत मात्र घेण्यासारखी आहे. तीन अर्ज आणि एक कॅलेंडर. त्याला फार पैसे लागत नाहीत.

आणि मोजायला इटलीला जायची गरज नाही. चंद्रपूर जिल्ह्यात जिवती तालुक्यात सरहद्दीवर १४ गावं आहेत. परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा, अंतापूर वगैरे. राजुऱ्याकडचा हा भाग निजामाच्या काळी आदिलाबादला जोडलेला होता, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत इकडे आला. सीमेची रेघ मात्र डोंगरावर नीट ओढली गेली नाही. न्यायालयातला वाद १९९७ मध्येच महाराष्ट्राच्या बाजूने मिटला, पण तिकडच्या सरकारने गावं सोडली नाहीत. महाराजगुड्यात एकाच घराच्या काही खोल्या महाराष्ट्रात आणि काही तेलंगणात, ही बातमी २०२२ च्या डिसेंबरात देशभर फिरली होती.

इथे दोन ग्रामपंचायती, दोन सरपंच. एक शाळा मराठी, एक तेलुगू. रेशनकार्ड दोन, मतदार कार्ड दोन. २०२४ च्या लोकसभेला चंद्रपूरचं मतदान १९ एप्रिलला आणि आदिलाबादचं १३ मे ला होतं. वृद्धाला तिकडची पेन्शन २,०१६ रुपये, इकडची १,५००.

आता अभ्यास करणाऱ्याच्या नजरेने हे बघा. दोन राज्यांची तुलना करताना नेहमी अडचण येते की पाऊस वेगळा, जमीन वेगळी, माणसं वेगळी. मग फरक सरकारमुळे पडला की पावसामुळे, ते कळत नाही. इथे डोंगर एक, विहीर एक, माणसंही तीच. बहुतेक मराठी बोलणारी, बरीचशी मराठवाड्यातून येऊन वसलेली. बदलतं ते फक्त सरकार. कोणत्या शाळेत पोरं टिकतात, कोणत्या सरपंचाकडे लोक आधी जातात, रस्ता कुणी केला आणि दुरुस्ती कुणी केली, दाखला कुठे लवकर मिळतो, हे सगळं एका गावात मोजता येतं.

यातली सगळ्यात मोठी गोष्ट जमिनीची आहे. दोन राज्यं असून या गावांतल्या बहुतेक शेतकऱ्यांच्या हातात जमिनीचा पक्का पट्टा नाही. वनजमिनीचा वाद, आणि वर सीमेचा वाद. पट्टा नाही म्हणजे पीककर्ज नाही, एकरी पैसे नाहीत, इकडचेही हप्ते नाहीत. मत, रेशन, पेन्शन, शाळा या गोष्टी दोन्ही सरकारांनी पुढे होऊन दिल्या. जमीन दोघांनीही दिली नाही. असं का? मतासाठी स्पर्धा होते पण महसूल आणि वन खात्यात होत नाही, असं वरवर दिसतं. पक्कं उत्तर कागद तपासून आणि माणसांशी बोलूनच निघेल.

दुसरी एक गोष्ट दोन्ही राज्यांत सारखी आहे. घटनेत लिहिलंय की पंचायतीची मुदत पाच वर्षं, निवडणूक त्याच्या आत. महाराष्ट्रात बहुतेक जिल्हा परिषदांवर मार्च २०२२ पासून प्रशासक बसले, मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून सांगावं लागलं. तेलंगणात ग्रामपंचायतींची मुदत २०२४ च्या सुरुवातीला संपली आणि निवडणूक झाली २०२५ च्या डिसेंबरात. सत्तेतले पक्ष वेगळे, पण दोन्हीकडे ओबीसी आरक्षणाचा प्रश्न पुढे करून गाडी अडली. ओबीसींना जागा मिळायलाच हव्यात, त्यात वाद नाही. पण त्यासाठी लागणारी आकडेवारी मुदत संपायच्या आधी का गोळा झाली नाही? केरळात १९९५ पासून दर पाच वर्षांनी निवडणूक होते. तिथेही आरक्षण आहे, कोर्टकज्जे आहेत.

जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने ही १४ गावं पूर्णपणे महाराष्ट्रात घेण्याची प्रक्रिया सुरू केल्याचं जाहीर केलं. ती पूर्ण झाली तर तिकडची पेन्शन, तिकडची शाळा जाईल. त्या बदल्यात काय मिळणार हे ठरवायला आज कुणाला काय मिळतं याची यादी घरागणिक लागेल.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर राज्यातल्या एम.ए.ला संशोधन पद्धतीचा पेपर आणि प्रकल्प आलाय. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळतो, नाव बदलून बायंडिंग केलं की झालं. विषयही ठरलेले, 'पंचायतराज : एक अभ्यास'. जिवती, राजुरा, कोरपना, तसंच किनवट आणि धर्माबादच्या पोरांना घरापासून तासाभरात दोन राज्यं बघता येतात. पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला हे मिळत नाही. एका गावातली पन्नास घरं, दोन्हीकडचे दाखले, अर्ज दिल्याची तारीख आणि काम झाल्याची तारीख, एवढी वही भरली तरी प्रकल्प होतो. ज्या दाखल्याला जास्त दिवस लागले त्याची माहिती अधिकारात कारणं मागता येतात, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला त्याची फी नाही. प्रकल्पाचा विषय बहुधा दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला नोंदवतात. त्या आधीच मार्गदर्शक सरांकडे किंवा मॅडमकडे गावाचं नाव घेऊन जायचं, नाहीतर उरलेल्या यादीतला विषय गळ्यात पडतो.