८५ वर्षांचं इंजिन

दोस्तांनो, नेरळहून माथेरानचा डोंगर चढणारी छोटी गाडी तुम्हाला ठाऊकच असेल. तिच्या दोन रुळांमधलं अंतर अवघं ६१० मिलिमीटर, म्हणजे दोन फूट. आपल्या मोठ्या गाडीचं तेच अंतर १,६७६ मिलिमीटर! या अंतराला ‘गेज’ म्हणतात. रूळ जवळजवळ असले की गाडी डोंगराच्या कडेनं झटकन वळते, पूल आणि बोगदे लहान चालतात आणि खर्चही वाचतो.

आज आपण अशाच एका चिमुकल्या गाडीला भेटायला निघालोय. ही गाडी मात्र दूर ब्रिटनमधल्या वेल्सची. नाव टॅलिलिन रेल्वे, गेज ६८६ मिलिमीटर.

ही रेल्वे सुरू झाली १८६५ साली, आणि ती कशासाठी, माहीत आहे? पाटीच्या दगडासाठी! तुमच्या आजी-आजोबांनी ज्या दगडी पाटीवर ‘ग म भ न’ गिरवलं ना, त्याच जातीचा दगड. वेल्समध्ये त्याच्या पातळ फरश्या काढून कौलांसारख्या छपरावर घालतात. डोंगरातल्या खाणीतून हा दगड समुद्रकाठच्या टाउइन गावी आणायचा, हे या गाडीचं काम.

त्यासाठी दोन इंजिनं आली. १८६४ सालचं ‘टॅलिलिन’ आणि १८६६ सालचं ‘डॉलगोख’. सरकारी अधिकारी तपासणीला आले तेव्हा मोठी गंमत झाली. एक इंजिन वरखाली उड्या मारतंय, तर दुसरं डावी-उजवीकडे डुलतंय! मग उड्या मारणाऱ्या ‘टॅलिलिन’ला मागं चाकांची आणखी एक जोडी बसवली. पूल तर इतके अरुंद होते, की डब्याचं दार चुकून उघडलं तर पुलाच्या भिंतीवर आपटायचं. म्हणून डब्यांची एका बाजूची दारं कायमची बंद करून टाकली. आजही त्या गाडीत एकाच बाजूनं चढता-उतरता येतं.

१९११ साली ही रेल्वे तिथले खासदार हेन्री हेडन जोन्स यांनी घेतली. आपण जिवंत आहोत तोवर गाडी चालत राहील, असं वचन त्यांनी लोकांना दिलं होतं. १९४६ च्या अखेरीस खाण बंद पडली. दगड नाही, म्हणजे उत्पन्न नाही. ‘टॅलिलिन’ इंजिन मोडकळीला येऊन शेडमध्ये पडून होतं. उन्हाळ्यातल्या चार प्रवाशांसाठी एकटं ‘डॉलगोख’ धावायचं. तरी हेडन जोन्स यांनी शब्द पाळला. १९५० च्या जुलैमध्ये ते वारले.

आता पुढं काय? रूळ उखडायचे, इंजिनं भंगारात द्यायची. दुसरं काय होणार होतं?

पण टॉम रोल्ट नावाचे एक इंजिनिअर आणि लेखक होते. त्यांना हे बघवेना. १९५० च्या ऑक्टोबरमध्ये बर्मिंगहॅम शहरात त्यांनी मित्रांच्या मदतीनं सभा भरवली. ठरलं असं, की हौशी माणसांनी संस्था काढायची आणि पगार न घेता रेल्वे चालवायची. जगात असा प्रयोग तोपर्यंत कुणी केला नव्हता. हेडन जोन्स यांच्या पत्नीनंही होकार दिला.

१४ मे १९५१ रोजी पहिली गाडी सुटली. पण अवस्था काय होती! स्लीपर कुजलेले, रुळांवर गवत माजलेलं. त्या गवतानंच रूळ जागच्या जागी धरून ठेवलेत, असं म्हणायचे! आणि गाडी ओढायला ८५ वर्षांचं ‘डॉलगोख’, एकटंच. ते बंद पडलं की सगळा डाव संपला.

जवळच कॉरिस नावाची रेल्वे १९४८ साली बंद पडली होती. तिचं गेजही नेमकं ६८६ मिलिमीटर! तिथली दोन इंजिनं २५-२५ पौंडांना मिळाली. सगळे खूश झाले. पण त्यातलं एक रुळांवर घातलं, तर सारखं घसरायला लागलं. का बरं? कुजक्या स्लीपरांमुळं रूळ एकमेकांपासून फाकले होते आणि या इंजिनाच्या चाकांच्या धावा अरुंद होत्या. दुसऱ्याला मोठी दुरुस्ती हवी होती. म्हणजे भार पुन्हा ‘डॉलगोख’वरच! म्हाताऱ्यानं तो उन्हाळा कसाबसा निभावून नेला. पुढच्या वर्षी लीड्सच्या हन्स्लेट कारखान्यानं दुसरं इंजिन फुकटात दुरुस्त करून दिलं.

तुम्ही म्हणाल, जुनं इंजिन चालवण्यात एवढं अवघड काय? अरे, बॉयलर म्हणजे भलामोठा कुकरच की! आंघोळीच्या बंबात क्षार साचतो तसा तो बॉयलरमध्येही साचतो. तो वेळच्या वेळी धुऊन काढावा लागतो. गाडी सुटायच्या कितीतरी तास आधी विस्तव पेटवावा लागतो. घाईनं तापवलं तर पत्रा एकीकडे जास्त फुगतो, एकीकडे कमी, आणि सांधे गळू लागतात. हे पुस्तकात वाचून येत नाही. जाणत्या माणसाशेजारी उभं राहून, हात काळे करूनच शिकावं लागतं.

हात काळे करायला कोण कोण आलं! ऑड्री नावाचे एक पाद्री तिथं गार्ड झाले. एकदा त्यांनी गाडी सोडली, ती चहा-फराळ विकणाऱ्या बाईंना स्टेशनवरच ठेवून! थॉमस इंजिनाच्या गोष्टी लिहिणारे ऑड्री ते हेच. आपली ही फजितीसुद्धा त्यांनी गोष्टीत घातली.

‘टॅलिलिन’ दुरुस्त होऊन १९५८ साली पुन्हा धावू लागलं. २०२१ साली युनेस्कोनं वेल्सचा पाटीच्या दगडाचा हा मुलूख जागतिक वारसा ठरवला, त्यात ही रेल्वेही आली.

आता एक कोडं. इतक्या वर्षांत त्या इंजिनांचे कितीतरी भाग बदलले, बॉयलरसुद्धा. मग ती जुनीच इंजिनं म्हणायची, की नवी? मला विचाराल तर जुनीच. कारण एक पिढी दुसरीला ती चालवायला शिकवत आली. ते शिकवणं थांबलं, तर इंजिन असेल तिथंच, पण नुसतं लोखंड म्हणून.

तुमच्या घरात आजीचं शिवणयंत्र किंवा आजोबांची सायकल पडून असेल. ‘हे कसं चालतं, मला शिकवाल?’ एवढं विचारून तर बघा. शिकवणारं माणूस घरात आहे, तोवरच विचारा हं!