कडू भोपळ्याचं बी राखूया

मिरजेच्या सतारमेकर गल्लीतला तंबोरा आधी भीमेकाठच्या रानात वाढतो. त्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढा भागातल्या शेतांतून येतो. आपल्या दुधीचाच हा भाऊबंद, पण जाड सालीचा आणि कडूजहर. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, आपण सगळे हरखलो. पण नुसत्या मानांकनावर वेल जगत नाही!

हे पीक महिनोन्महिने शेत अडवून बसतं. फळ वेलावरच कडक होऊ द्यायचं, मग वाळवायचं. एवढं करून तंबोऱ्याजोगी मोठी, घाटदार, बिनडागी फळं निवडकच. समोर उसाचा पैसा दिसत असताना शेतकऱ्याने हा खटाटोप का करावा? त्यात तंबोरा आता मोबाइलमध्येच वाजतो. मागणी आटली की पेरा आटतो, आणि पेरा थांबला की बी संपतं. भाजीच्या दुधीचं पातळ सालीचं बी इथे कामाचं नाही.

गेलं तर काय जाईल? भिजवून, कापून, आत काड्यांचे टेकू देऊन भोपळ्याचं तोंड रुंदावणारे हात जातील. दांडी आणि भोपळा जुळतात तिथे बसवलेली ती कोरीव लाकडी पानं जातील. आणि वारल्यांचा तारपा? त्याचाही भोपळा वेलावरच लागतो.

वेल टिकवायचा तर तंबोऱ्याला न लागणाऱ्या लहान-वाकड्या फळांनाही गिऱ्हाईक हवं. ते आपण होऊ शकतो. बस्तरचे कारागीर वाळक्या तुंब्यावर तापल्या सुरीने नक्षी काढतात, त्यांचे दिवे शहरातल्या दिवाणखान्यांत झळकतात. मग आपल्या दारात दरवर्षी प्लॅस्टिकचाच आकाशकंदील का?

वाळलेला भोपळा हलवला की आत बिया खुळखुळतात. तोंड कापा, गर खरवडून काढा (नाका-तोंडावर फडकं बांधून, ती धूळ फार खवखवते), बारीक ड्रिलने नक्षीची भोकं पाडा आणि आत छोटा एलईडी सोडा. शाळेच्या कार्यानुभवाच्या तासाला याहून मजेदार काम कुठलं?

परसात जागा असेल त्यांनी पावसाच्या तोंडावर दोन बिया टोचाव्यात. फक्त दुधीच्या शेजारी नको. दोन्हींची जात एकच, त्यामुळे परागांची सरमिसळ होते, आणि पुढच्या साली त्या बियांचा दुधी कडू निघू शकतो. कडू दुधी पोटात जाणं धोक्याचं असतं. जागाच कमी असेल तर पांढरी फुलं उमलतात त्या संध्याकाळी नर फुलाचा पराग मादी फुलाला लावा आणि फुलाचं तोंड दोऱ्याने बांधा. ते फळ बियांसाठी राखा.

संगीतशिकवण्यांनी निदान एक खरा तंबोरा जुळवून ठेवावा. मंडळांनी यंदा मखराला थर्माकोलऐवजी भोपळे मागवावेत, थेट शेतकऱ्याकडून, ठरल्या भावाने. आणि गावी कुणाच्या माळ्यावर जुना, खुळखुळणारा भोपळा पडलेला असेल तर टाकू नका. फोडा, मूठभर बिया काढा, निम्म्या शेजारी द्या. जुन्यांतलं एखादं रुजलं तरी पुरे.