पेटीला चेहरा नको, आम्हाला मात्र आडनाव विचारता!

आष्टीला समुद्र नाही. मग मी बंदरावर अग्रलेख कशाला लिहितोय? ऐका, मित्रहो. डिसेंबर २०१५ मध्ये जालन्याच्या ड्रायपोर्टची पायाभरणी झाली. म्हणजे न्हावाशेवाचं बंदर चालत आपल्या जिल्ह्यात यायचं ठरलं. परतूर तालुक्यातली आपली आयटीआय झालेली पोरं उद्या त्याच गेटवर उभी राहतील. म्हणून न्हावाशेवाच्या कामगाराचं काय झालं ते आजच समजून घ्या.

२०१६ पासून तिथं डीपीडी वाढली. जहाजावरून उतरलेला कंटेनर आता थेट आयातदाराकडे जातो. पूर्वी तो उरणच्या सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनर गोदामात, मुक्काम करायचा. उघडला जायचा, तपासला जायचा, रिकामा व्हायचा. त्या मुक्कामावर हमाल, फोर्कलिफ्टवाले, कारकून जगायचे. मुक्काम उठला, चूल विझायला लागली. उरणचे कामगार विरोधात उभे राहिले. त्यांचं भांडण संगणकाशी नव्हतं, भाकरीसाठी होतं. याच भागानं १९८४ मध्ये जमिनीच्या लढ्यात पोलिसांच्या गोळ्यांनी पाच माणसं गमावलीत. जमीन आधी गेली, काम नंतर!

२०२० मध्ये कस्टम्सचं फेसलेस असेसमेंट आलं. बिल ऑफ एंट्री कोणत्या शहरातला अधिकारी तपासणार, हे संगणक ठरवतो. ओळख चालत नाही. टेबलाखालचा हात आखडतो. हे चांगलंच आहे. वशिला मोडणारी कुठलीही गोष्ट आपल्या फायद्याची, कारण आपला वशिला कधी नव्हताच.

पण गंमत बघा. लोखंडी पेटीला बिनचेहऱ्याचा न्याय आणि गेटवरच्या पोराला ठेकेदार विचारतो, कुठला रे? आडनाव काय? तिथं का नाही फेसलेस? २०२२ मध्ये न्हावाशेवाच्या बंदरानं स्वतः चालवलेलं कंटेनर टर्मिनलही खासगी हातात दिलं. सरकारी नोकरी गेली की राखीव जागाही गेली, हे कुणी मोठ्यानं बोलत नाही.

मुकादमाच्या मर्जीवर रोज उभं राहणाऱ्या गोदी कामगाराला १९४८ च्या कायद्यानं नोंदणीची वाट दिली. १९६९ च्या माथाडी कायद्यानं हमालाला मंडळ दिलं. ठेकेदाराच्या खिशातून मजुरी सोडवायची ती वाट होती. आपल्याला तीच पुढं न्यायची आहे.

म्हणून संगणक फोडायची भाषा मी करणार नाही. मी म्हणतो, तो आमच्यासाठीही लावा. जालन्यात पेटी हलवणाऱ्या प्रत्येक हाताची माथाडी मंडळात नोंद करा. पाळी संगणकानं लावा, मुकादमानं नाही. मजुरी थेट खात्यात टाका. यंत्रावरचं शिक्षण आमच्या वस्तीतल्या पोरापोरींना आधी द्या, भरती नंतर काढा.

ड्रायपोर्टचं गेट उघडायच्या आत हे लेखी घ्या. गेट उघडल्यावर मागणारा हात ठेकेदाराला हमालाचाच दिसतो.

जय भीम!