हया म्हणायची, की अज्ञान?

उदगीरच्या कॉलेजात मी ज्या मुलींना शिकवते, त्या पाळीबद्दल आता बऱ्यापैकी मोकळेपणाने बोलतात. गर्भनिरोधकाचा विषय निघाला, की मात्र माना खाली जातात. "मॅडम, ते लग्न झालेल्यांचं असतं." आणि मग हळूच, "त्या गोळ्यांनी पुढे मूलच होत नाही म्हणे." होतं. गोळ्या थांबवल्या की गर्भ राहू शकतो. आणीबाणीची गोळी आणि गर्भपाताची गोळी यांतला फरक तर क्वचितच कुणाला ठाऊक असतो. ७२ तासांच्या आत घ्यायची ती गर्भ राहू नये म्हणून. राहिलेला गर्भ ती पाडत नाही.

एका मुलीला अनियमित पाळीसाठी डॉक्टरांनी हार्मोनच्या गोळ्या दिल्या. याच गोळ्या गर्भनिरोधक म्हणूनही चालतात. अम्मीला पाकीट सापडलं, आणि औषध बंद, कॉलेजही बंद. का, तर ती आजारी पडली होती!

याला आपण हया म्हणतो. निकाहाबाहेरचे संबंध हराम आहेत, त्यावर माझा वाद नाही. पण आपले बुजुर्ग या विषयाला एवढे लाजत नव्हते. सहाबा अज्ल करत, म्हणजे वीर्य बाहेर सोडून गर्भ टाळत, हे हदीसमध्ये आहे. इमाम गझालींनी 'इह्या'त निकाहच्या प्रकरणात त्याची चर्चा केली आणि ते जायज ठरवलं. जास्त मुलांमुळे होणारी ओढाताण हे कारणही त्यांना चाललं. आपण ज्या हनफी फिकहवर चालतो, तिच्या मूळ मतानुसार अज्लला बायकोची संमती लागते. ज्या मुलीला काहीच सांगितलेलं नाही, ती संमती कशाला देणार?

बरं, समाज हे वापरत नाही असंही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १९९२-९३ साली मुस्लिम स्त्रीमागे सरासरी ४.४ मुलं होती, २०१९-२१ मध्ये २.४ च्या आसपास. अम्मी, खाला, भाभी सगळ्यांना माहीत आहे. बोलत कुणी नाही.

आशाताईच्या वहीत मुलीचं नाव चढतं ते लग्नानंतर. कितीतरी जणींचा निकाह बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि तिसऱ्या वर्षाची परीक्षा पोट सांभाळत दिली जाते, किंवा दिलीच जात नाही. मेहर, दावत, दागिने यांवर महिनाभर बैठका चालतात. त्यातली एक दुपार काढून मुलीला डॉक्टरीणबाईंकडे न्या. अम्मीने बाहेर बसावं, मुलीला आत एकटीला बोलू द्यावं.