‘नियम बदललाय’ म्हणजे नेमका कोणाचा नियम? बँकेच्या काउंटरवरचा गोंधळ समजून घ्या

गेल्या महिन्यात ज्या स्लिपवर पैसे मिळाले, ती स्लिप या महिन्यात चालत नाही. आधार कार्डाच्या झेरॉक्सवर सही करून दिली की काम व्हायचे, आता मूळ कार्ड घेऊन या म्हणतात. पासबुक काउंटरवर भरून मिळायचे; आता ते बाहेरच्या मशीनमध्ये घालायचे आणि त्या मशीनला लागणारा बारकोड चिकटवून घ्यायला पुन्हा त्याच काउंटरच्या रांगेत उभे राहायचे. का, असे विचारले तर उत्तर ठरलेले : ‘नियम बदललाय.’ कोणी बदलला, कधीपासून बदलला, कुठे लिहिला आहे, हे मात्र काचेवर कुठेच चिकटवलेले नसते.

काउंटरवर ऐकू येणारा ‘नियम’ तीन ठिकाणांहून येतो. काही नियम कायद्याचे किंवा रिझर्व्ह बँकेचे असतात, ते देशभर सारखे. काही त्या बँकेच्या संचालक मंडळाने ठरवलेले धोरण असते, ते बँकेगणिक वेगळे. आणि काही फक्त त्या शाखेची सोय असते : गर्दी आहे, माणसे कमी आहेत, म्हणून साहेबांनी सांगितले की अमुक काम दुपारी दोननंतर घ्यायचे नाही. तिन्ही गोष्टी काचेपलीकडून एकाच सुरात सांगितल्या जातात. पहिल्या प्रकारापुढे ग्राहकाला मान तुकवावीच लागते, तिसऱ्यापुढे तुकवण्याचे कारण नाही. पण समोर आलेला नियम पहिला की तिसरा, हे त्याला कळणार कसे?

केवायसी किती वर्षांनी?

सर्वाधिक वादावादी होते ती केवायसीवरून. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार जास्त जोखमीच्या ग्राहकाची केवायसी किमान दर २ वर्षांनी, मध्यम जोखमीच्या ग्राहकाची ८ वर्षांनी आणि कमी जोखमीच्या ग्राहकाची १० वर्षांनी अद्ययावत करायची असते. पेन्शनर, नोकरदार, लहान शेतकरी अशा साध्या बचत खातेदारांना कमी जोखमीच्या गटात ठेवण्याची पद्धत आहे. पण आपण कोणत्या गटात आहोत हे ग्राहकाने विचारले तर बँक सांगत नाही. ही माहिती गोपनीय ठेवावी, असेच निर्देश आहेत. संशयित खातेदार सावध होऊ नये, हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. मात्र परिणाम असा की, आपली मुदत २ वर्षांची की १० वर्षांची, हे ग्राहकाला स्वतःहून कळायला मार्गच नाही. ते बँकेनेच कळवायला हवे.

कळवण्याचे बंधनही आता आहे. १२ जून २०२५ च्या दुरुस्तीनुसार मुदत संपण्याआधी बँकेने किमान तीन सूचना द्यायच्या, त्यातली एक पत्राने. मुदत उलटल्यावर पुन्हा तीन स्मरणपत्रे, त्यातलेही एक कागदावरचे. १ जानेवारी २०२६ पर्यंत ही व्यवस्था सुरू करायची होती. त्याच दुरुस्तीत कमी जोखमीच्या ग्राहकाला आणखी एक सवलत मिळाली : मुदत संपली तरी पुढचे एक वर्ष किंवा ३० जून २०२६, यातले जे नंतरचे असेल तोपर्यंत त्याचे व्यवहार चालू ठेवायचे. आणि माहितीत काहीच बदल नसेल तर कागद नकोत, ‘बदल नाही’ एवढी घोषणा नोंदवलेल्या मोबाइलवरून, ईमेलने, एटीएमवर किंवा पत्राने दिली तरी पुरते. केवळ पत्ता बदलला असेल तरीही घोषणा चालते, पडताळणी बँकेने दोन महिन्यांत करायची. गावातल्या बँक मित्रालाही ही घोषणा घेता येते.

म्हणजे वरून निघालेला बदल ग्राहकाची खेप वाचवणारा आहे. तरीही काउंटरवर फॉर्म, दोन फोटो, आधार, पॅन आणि सगळ्याच्या झेरॉक्स मागितल्या जातात, तेव्हा नियम कडक झाला असेच ग्राहक समजतो. सैल झालेला नियम काउंटरपर्यंत येईतो कडक होतो, तो असा.

‘होम ब्रँचला जा’ हेही असेच. व्यवहार नसल्याने निष्क्रिय झालेले खाते पुन्हा सुरू करायचे असेल, तर त्यासाठीची केवायसी बँकेच्या कोणत्याही शाखेत करून देणे बंधनकारक आहे. खाते सुरू करण्याचे शुल्क घेता येत नाही. चालू असलेल्या खात्याच्या नियमित केवायसीबाबत मात्र ‘कोणत्याही शाखेत’ ही सोय बँकेने आपल्या धोरणानुसार द्यायची आहे. खाते बंद पडले तर कुठेही जा, चालू असेल तर बँक म्हणेल तिथे जा! पुण्यात नोकरी करणाऱ्या आणि खाते लातूरला असणाऱ्याने हा फरक ओळखायचा तरी कसा?

एक शब्द, तीन कामे

लाडकी बहीण योजनेने हा गोंधळ घराघरांत नेला. जुलै २०२४ मध्ये योजना सुरू झाली आणि महिन्याचे १५०० रुपये थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येणार म्हणून शाखांसमोर रांगा लागल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये लाभार्थींना ई-केवायसी करायला सांगितले गेले. ही ई-केवायसी योजनेच्या पोर्टलवर करायची होती, बँकेत नाही. बँकेची केवायसी वेगळी. आणि आधार सीडिंग हे तिसरेच काम.

सीडिंग म्हणजे काय, हे काउंटरवर क्वचितच उलगडून सांगितले जाते. बँकेच्या नोंदीत आधार क्रमांक असणे म्हणजे सीडिंग नव्हे. राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या यादीत तो क्रमांक एखाद्या बँकेशी जोडलेला असावा लागतो, आणि एका वेळी तो एकाच बँकेशी जोडता येतो. शेवटची जोडणी जिथे झाली, तिथे अनुदानाचे पैसे जातात. एखाद्या बाईने मध्येच दुसऱ्या बँकेत नवे खाते उघडून तिथे संमतीची सही केली असेल, तर पैसे त्या खात्यात जमा होतात आणि ती जुन्या बँकेत पासबुक भरून घेत राहते. काउंटरवरून उत्तर मिळते, ‘तुमचे आधार लिंक आहे.’ तेही खोटे नसते. मजुरी बुडवून आलेल्या बाईला या उत्तराचा उपयोग शून्य. सीडिंग कोणत्या बँकेशी आहे हे ‘माय आधार’ पोर्टलवर मोबाइलवरून दोन मिनिटांत दिसते. हे वाक्य मराठीत छापून काचेवर लावायला फार खर्च येत नाही.

रोख काउंटरवर चालत नाही?

‘एवढी रक्कम मशीनमध्ये भरा’ हे आता सगळीकडे ऐकू येते. ठरावीक मर्यादेहून अधिक रोख भरताना पॅन लागतो, हा आयकराचा नियम आहे, तो शाखेने शोधलेला नाही. पण काउंटरवर रोख घेणारच नाही, असा कायदा नाही. बँकिंग नियमन कायदा, १९४९ मधली बँकिंगची व्याख्याच मुळी लोकांकडून ठेवी स्वीकारण्यापासून सुरू होते. मशीन वापरा ही विनंती आहे. ज्याला स्क्रीनवरची अक्षरे दिसत नाहीत, त्याच्याबाबतीत तिचा हुकूम होऊ नये. ७० वर्षांवरील ज्येष्ठांसाठी घरपोच सेवेची आणि शाखेत प्राधान्याच्या काउंटरची सूचना रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्येच दिली होती.

काचेपलीकडचा माणूस

याचा सगळा राग कॅशियरवर निघतो, ते बरोबर नाही. नोव्हेंबर २०२५ अखेर रिझर्व्ह बँकेने नऊ हजारांहून अधिक जुनी परिपत्रके मोडीत काढून त्यांतले लागू नियम २४४ एकत्रित निर्देशांत बसवले. त्याच काळात १ नोव्हेंबर २०२५ पासून खात्याला चार वारसदार नेमण्याची सोय झाली, त्याआधी ऑक्टोबरमध्ये चेक त्याच दिवशी वटवण्याची पद्धत आली. १ मे २०२५ ला राज्यातल्या दोन ग्रामीण बँकांची एक बँक झाली. कर्मचाऱ्याच्या हाती असते ते मुख्यालयाचे इंग्रजी परिपत्रक, आणि समोर चाळीस माणसांची रांग. चूक झाली तर जबाबदारी त्याची. मग तो सुरक्षित बाजू धरतो : सगळेच कागद मागून ठेवतो.

मोबाइलमधले साधे अॅप अपडेट झाले तरी काय बदलले याची चार ओळींची यादी सोबत येते. बँकेच्या शाखेला तेवढे जमू नये? खातेदारांना द्यायचे छापील साहित्य प्रादेशिक भाषेतही असावे, ही अपेक्षा जुनीच आहे. तीच बदलांच्या सूचनेला लावावी : काय बदलले, कोणत्या तारखेपासून, आणि नियम रिझर्व्ह बँकेचा, बँकेचा की शाखेचा. काम नाकारले तर कारण कागदावर द्यावे. कारण लिहून द्यायचे म्हटले की अर्धे ‘नियम’ आपोआप गळून पडतील.

तोपर्यंत ग्राहकाच्या हाती काय आहे? केवायसीचे कागद दिले की तारखेची पोच मागायची. ती देणे बँकेवर बंधनकारक आहे. काम अडले तर साध्या कागदावर मराठीत अर्ज करून त्याच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यायचा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. पोर्टल वापरता येत नसेल तर चंदीगडच्या केंद्रीय कक्षाकडे पत्र पाठवता येते, ते कोणत्याही भाषेत चालते. तिथे पहिला प्रश्न येतो तो बँकेकडे लेखी तक्रार केली होती का, हाच. म्हणून तो शिक्का मारलेला कागद जपून ठेवायचा.