नव्वद टक्क्यांचा ढोल

नैराश्य हे मुळी मनाचं दुखणंच नाही, सगळा खेळ आतड्यातल्या जंतूंचा, असं सांगणाऱ्या एका आरोग्य-प्रवचनकारांचा सध्या बराच बोलबाला आहे. जंतू बिघडले की दाह होतो, दाह मेंदूत पोचतो, माणूस खचतो. संधिवात, मधुमेह, हृदयविकार ही सगळी त्याच गोतावळ्यातली मंडळी. म्हणून नैराश्याच्या गोळ्या सोडा आणि प्रोबायोटिकच्या कॅप्सूल घ्या. (त्या कुठे मिळतील, तेही ते सांगतात.)

त्यांचा हुकमी एक्का म्हणजे शरीरातलं नव्वद टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होतं. होतं ना! पण रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर ते ओलांडत नाही. मेंदू स्वतःपुरतं सेरोटोनिन ट्रिप्टोफॅनपासून स्वतःच बनवतो. आतड्यातलं सेरोटोनिन मुख्यतः आतड्याची हालचाल सांभाळतं, थोडं रक्तातल्या प्लेटलेट्स साठवून ठेवतात. तेव्हा या आकड्याच्या जोरावर पोट साफ होण्याविषयी खुशाल बोलावं. यावर ते म्हणणार, जंतू ट्रिप्टोफॅनच्या पुरवठ्यात ढवळाढवळ करतात. करत असतील, पण मग नव्वद टक्क्यांचा ढोल कशाला बडवायचा? उरलं ते देतात ते अल्सरचं उदाहरण. अल्सर जंतूमुळे होतो हे पटवायला डॉक्टर बॅरी मार्शल यांनी १९८४मध्ये जंतू पिऊन दाखवले, २००५मध्ये नोबेलही मिळालं; पण तो एक ठरावीक जंतू होता आणि तो मारला की अल्सर बरा होत होता. नैराश्याचा तसा जंतू कोणता? न्यू जर्सीतल्या एका मनोरुग्णालयात शंभर वर्षांपूर्वी असाच लपलेला जंतू शोधत रुग्णांचे दात उपटले, टॉन्सिल काढले, शेवटी आतडी कापली. कित्येक दगावले, तुलनेला दुसरा गट न ठेवता बरे झाल्याचे आकडे मात्र झोकात छापले गेले.

दाहाची गोष्ट खोटी नाही. हेपटायटिस सीसाठी दाह चेतवणारं इंटरफेरॉन देत, तेव्हा आधी मनाने ठणठणीत असलेल्या अनेकांना नैराश्य येई. २०१३मध्ये नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या ६० रुग्णांवर, संधिवातात वापरतात त्या इन्फ्लिक्सिमॅबचा प्रयोग झाला. सरसकट पाहता ते डमी औषधापेक्षा सरस ठरलं नाही. पण ज्यांचं सीआरपी (दाह दाखवणारं रक्तातलं प्रथिन) पाचाच्या वर होतं, त्यांच्यात औषधाकडे कल दिसला. कमी असलेल्यांत डमीच बरं ठरलं. प्रयोग लहान आहे, आणि सीआरपी लठ्ठपणाने, तंबाखूनेही वाढतं, हा आक्षेप रास्तच. तरीही यातून निघतं ते एवढंच की, काही रुग्णांत दाह मोजावा आणि दाहावरच्या औषधांची चाचणी त्यांच्यावरच घ्यावी, तीही चालू गोळ्यांना हात न लावता.