महापौरांना अधिकार नाहीत, ही सबब पुरे



महापौराला काही अधिकारच नसतात, मग ते पद हवे कशाला, किंवा न्यूयॉर्कसारखा थेट लोकांनी निवडलेला, आयुक्ताला हुकूम सोडणारा महापौर तरी आणा, अशा अर्थाची पत्रे या सदरात वरचेवर वाचायला मिळतात. मला दोन्ही मागण्या पटत नाहीत. मुंबईच्या महापौराकडे एक अधिकार आहे आणि तो लहान नाही. तो वापरायचा नाही, असे मात्र बहुतेक महापौरांनी, पक्ष कोणताही असो, ठरवूनच टाकलेले दिसते.

हा अधिकार म्हणजे सभागृहाची खुर्ची. १८८८ च्या महापालिका कायद्याने कारभार आयुक्ताच्या हाती दिला आणि आयुक्त नेमण्याचे काम सरकारकडे ठेवले, हे खरे. पण त्याच कायद्याने आयुक्ताला सभागृहापुढे आणून बसवले. तिथे त्याला बोलता येते, मत देता येत नाही. आणि एकूण नगरसेवकांपैकी पाच-अष्टमांश जणांनी ठरवले तर त्याला पद सोडावे लागते. ही सभा चालवायची महापौराने. समसमान मते पडली तर निर्णायक मतही त्याचेच. 'हरकतीचा मुद्दा राखून ठेवण्यात येत आहे, पुढच्या सभेत आयुक्तांनी स्वतः खुलासा करावा', एवढे एक वाक्य त्या खुर्चीवरून आले की खात्यात महिनोन्महिने झोपलेली फाइल दोन दिवसांत शोधून काढली जाते. पालिकेत नोकरी केलेल्या कुणालाही विचारून पाहा.

ही रचना साहेबाने आपल्या माथी मारली, असा एक लाडका युक्तिवाद असतो. तो इतिहासाला धरून नाही. पहिला आयुक्त आर्थर क्रॉफर्ड १८६५ साली आला. त्याने रस्ते केले, मंडई उभारली आणि तिजोरीचा पार खुळखुळा करून ठेवला. करदाते खवळले, आयुक्तपदच मोडा म्हणू लागले. १८७१ मध्ये धोबीतलावच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये तरुण फिरोजशहा मेहता नेमके उलटे बोलले. कामाची जबाबदारी एकाच माणसावर राहू द्या, म्हणजे कान कुणाचा धरायचा ते कळेल. मात्र त्याच्या डोक्यावर लोकांनी निवडलेले सभागृह बसवा. त्या सभेला ते मुळीच रुचले नाही. पण पुढच्याच वर्षीच्या कायद्याने ६४ सदस्यांची महापालिका आली आणि त्यातले निम्मे सदस्य करदात्यांनी निवडलेले होते. १८८८ च्या कायद्यावरही फिरोजशहांची छाप आहे. महापौर हे नाव १९३१ चे. त्याआधी अध्यक्ष म्हणत, आणि फिरोजशहा चार वेळा अध्यक्ष झाले. पालिका मुख्यालयाच्या दारात त्यांचाच पुतळा आहे. आयुक्ताला मोकळे सोडा असे त्यांनी कधी म्हटले नव्हते, एवढे तरी पुतळ्याला हार घालणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

आमच्या गिरणगावाने या खुर्चीची शान पाहिली आहे. १९५७ च्या निवडणुकीनंतर संयुक्त महाराष्ट्र समितीची माणसे तिच्यावर बसली. परळच्या शिरोडकर हायस्कूलचे आचार्य मो. वा. दोंदे, मीरत कटाच्या खटल्यातले आरोपी आणि कामगार पुढारी एस. एस. मिरजकर, आंबेडकरी चळवळीतले पी. टी. बोराळे. मुदत तेव्हा एकच वर्ष. कायदा हाच, आयुक्त सरकारनेच नेमलेला, आणि सरकार समितीच्या विरोधातले. त्यांच्याही हाती ठेके नव्हते की बदल्या नव्हत्या. तरी शाळामास्तर, लाल बावट्याचा पुढारी आणि दलित कार्यकर्ता या शहराचे पहिले नागरिक झाले, यात मुंबई कुणाची या प्रश्नाचे अर्धे उत्तर होते. त्याआधी १९२५ मध्ये माझगावचे काका बाप्टिस्टा अध्यक्ष झाले, तेही टिळकांचे सोबती आणि कामगारांचे वकील. या मंडळींचे वजन पदातून आले नव्हते. ते त्यांनी बरोबर आणले होते.

पुढे पद ही शिडी झाली. मनोहर जोशी १९७६ मध्ये महापौर होते, १९९५ मध्ये मुख्यमंत्री झाले. छगन भुजबळ महापौर झाले आणि पुढे उपमुख्यमंत्रिपदापर्यंत गेले. परळच्या पोटनिवडणुकीतून १९७० मध्ये शिवसेनेचे पहिले आमदार झालेले वामनराव महाडिकही महापौर होऊन पुढे लोकसभेत पोहोचले. वर चढायला माझी हरकत नाही. पण ज्याची नजर वरच्या पायरीवर असते तो मंत्रालयाला अडचणीचा प्रश्न कशाला विचारील? आयुक्त तर मंत्रालयाचा माणूस.

मग उरतात फिती, नारळ आणि अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवरचा मंडप. त्यालाही मी नावे ठेवणार नाही. टाटा आणि केईएम रुग्णालयांच्या फुटपाथवर पथारी टाकून राहिलेले नातेवाईक महापौर निधीचा अर्ज हातात घेऊन फिरताना मी पाहतो. रुग्णालयाच्या खर्चाचा अंदाज, शिधापत्रिकेची झेरॉक्स, दुमडून दुमडून फाटायला आलेला डॉक्टरचा कागद, सगळे एका प्लास्टिकच्या पिशवीत. मिळणारी रक्कम बिलाच्या मानाने थोडी, पण ठोठावायला एक दार असते. २७ एप्रिल २०२० ला किशोरी पेडणेकर परिचारिकेचा गणवेश चढवून नायर रुग्णालयात गेल्या, तेव्हाही काहींनी नाके मुरडली. त्या मूळच्या परिचारिका. त्या दिवसांत ते करणे योग्यच होते. माझी तक्रार एवढीच, की त्याच काळात सभागृह बंद होते आणि त्याची आठवण फारशी कुणाला झाली नाही.

शिवाजी पार्कचा महापौर बंगला स्मारकासाठी गेला आणि महापौरांना राणीच्या बागेत जावे लागले, तेव्हा सगळे दादर हळहळले. ७ मार्च २०२२ ला सभागृहच गेले, तेव्हा कुणाच्या डोळ्यात पाणी आले नाही. १९८४-८५ मध्येही प्रशासक होता, पण या वेळी शहराने जवळजवळ चार वर्षे सभागृहाविना काढली. आयुक्तच प्रशासक, म्हणजे प्रस्ताव मांडणारा तोच, स्थायी समिती म्हणून मंजूर करणारा तोच आणि महापालिका म्हणून शिक्का मारणाराही तोच. रस्ते काँक्रीटीकरणाची सुमारे ६,००० कोटींची कामे याच काळात दिली गेली. २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा. त्यावर एकाही नगरसेवकाने तोंड उघडले नाही, कारण नगरसेवकच नव्हता. डिसेंबर २०२२ मध्ये मुख्यालयातल्या पक्ष कार्यालयांनाही टाळे लागले. 'प्रशासकाच्या काळात कामे भराभर होतात' असे म्हणणारे आमच्या लालबागेतही भेटतात. क्रॉफर्डच्या काळातही भराभरच होत होती.

थेट निवडून आलेल्या, अधिकारसंपन्न महापौराबद्दल इतकेच. महापौर आणि त्याच्या परिषदेच्या हाती कारभार देणाऱ्या 'मेयर-इन-कौन्सिल'चा प्रयोग मुंबईने १९९८ मध्ये करून वर्षभरात गुंडाळला आहे. नगरपालिकांत थेट नगराध्यक्षाची पद्धत २०१६ मध्ये आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परत आली. सरकार बदलले की कायदा बदलतो. नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृह दुसऱ्याचे, अशी गावे त्यात वर्षानुवर्षे अडकून पडली. मुंबईत हे आणले तर मंत्रालय स्वतःचे अधिकार सोडणार नाही ते नाहीच, वर आयुक्ताला जाब विचारायची खुर्ची आयुक्ताच्याच बाजूला जाऊन बसेल. चूक झाली तर मग कुणाला उभे करायचे?

जानेवारी २०२६ च्या निकालानंतर महापौर कुणाचा यावर वर्तमानपत्रांनी रकाने भरले. महापौराने करायचे काय, यावर फारसे कुणी लिहिले नाही. म्हणून माझी मागणी. मुदत संपल्यापासून प्रशासकाने एकट्याने मंजूर केलेले मोठे ठेके खातेवार सभागृहापुढे ठेवायला महापौरांनी आयुक्तांना सांगावे. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही. शोकप्रस्ताव मांडून दोन मिनिटे उभे राहावे आणि खाली बसून काम चालू करावे. सभा तहकूब करून घरी जाण्याची जुनी खोड मोडावी. सभेच्या दिवशी उद्घाटने घेऊ नयेत. आणि सुरुवात हिंदमातापासून करावी. प्रमोद महाजन उद्यानाच्या आणि सेंट झेविअर मैदानाच्या खाली पाणी साठवायच्या टाक्या झाल्या, तरी २६ मे २०२५ च्या पावसात हिंदमाता आणि परळ पुन्हा पाण्यात होते. टाक्यांवर एकूण खर्च किती, त्या दिवशी पंप किती वाजता सुरू झाले, एवढे दोनच प्रश्न पुकारावेत आणि उत्तर आयुक्तांकडूनच घ्यावे, खातेप्रमुखाकडून नको. तारीख आधी जाहीर केली तर आम्ही लालबाग-परळची दहावीस माणसे प्रेक्षक सज्जात येऊन बसू.

आपला,
एक करदाता,
लालबाग, मुंबई १२